अर्धा सेकंद आधी

मायक्रॉनकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, मायक्रोमीटर असायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा चहाबरोबर आलेली दोन बिस्किटं त्यांनी त्यात धरून मोजली आणि शेजारी आईला घेऊन बसलेल्या टॅक्सीवाल्याला सांगितलं, की एकाच पुड्यातल्या दोन बिस्किटांत एवढा फरक म्हणजे तिथे कारखान्यात कुणीतरी डुलक्या काढतंय. टॅक्सीवाला हसला. काका हसले नाहीत. ते खरोखरच नाराज झाले होते.

त्या हॉलमध्ये दर मंगळवारी सकाळी अकरा ते बारा गाणं चालायचं. स्मृतिभ्रंश झालेली माणसं आणि त्यांना सांभाळणारी माणसं एकत्र बसून गायची. मी जिच्याकडे राहते ती माझी आत्या शाळेत संगीत शिकवायची. निवृत्तीनंतर तिने हे सुरू केलं. पेटी तिची, खुर्च्या वाचनालयाच्या, आणि माइक, स्पीकर, वायरी माझ्या. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि सभागृहांना ध्वनियंत्रणा बसवून देणाऱ्या कंपनीत काम करते. मंगळवारी माझं काम दुपारनंतर असायचं, म्हणून मी यायचे.

काका सतराव्या वर्षी एका वर्कशॉपमध्ये लागले ते फरशीवरचा लोखंडाचा भुसा झाडायला. अडतीस वर्षांनी बाहेर पडले तेव्हा ते तिथले मुख्य टर्नर होते, लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कातायच्या मशीनवर, सगळ्यात जुने. नाव पडलं ते एका साहेबामुळे. साहेबाने एक शाफ्ट, म्हणजे मशीनचा दांडा, ‘चालेल’ म्हणून पुढे पाठवायला सांगितला आणि काका म्हणाले, चार मायक्रॉन जास्त आहे, नाही चालणार. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. यांचं भांडण चारवरून. शेवटी शाफ्ट परत लेथवर चढला आणि काकांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. मशीनच्या आवाजाने त्यांचा उजवा कान गेला होता. डाव्या कानाने ऐकताना ते मान अशी तिरकी करायचे, की समोरच्याला वाटावं, यांचा आपल्यावर विश्वास नाही.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. गावातल्या निम्म्या लोकांनी हिचा आवाज ऐकलाय आणि तोंड कुणीच पाहिलेलं नाही, असं काका सांगायचे. लग्नाआधी त्या गायच्या, एवढंच मला आत्याकडून कळलं होतं.

आजार आला तेव्हा काकांनी तो दोन वर्षं लपवला. शेजारच्यांना सांगायचे, हिला जरा बरं नाही. दुधाचं पातेलं जळलं की सांगायचे, माझ्याच हातून राहिलं. दुकानात काकू पैसे न देता निघाल्या तर मागून जाऊन, जास्तच मोठ्याने हसत, पैसे द्यायचे. मग त्यांनी त्यांना येणारा उपाय केला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, छिन्नीने त्यावर एकेक अक्षर कोरलं आणि घरभर स्क्रूने बसवल्या. कप. साखर. संडास. बाहेर जाऊ नये. सगळ्या पट्ट्या एका रेषेत, एका उंचीवर. काकूंनी त्या सगळ्या वाचून काढल्या आणि विचारलं, “हे कुठलं ऑफिस आहे?”

त्यानंतर काही महिन्यांनी त्या काकांना मिस्त्री म्हणायला लागल्या. एक्केचाळीस वर्षं ‘अहो’ म्हणत आल्या होत्या. आता त्यांना वाटायचं, हा माणूस नळ किंवा दिवा दुरुस्त करायला आलाय आणि जातच नाहीये. काका म्हणायचे, “बोला बाई.” दुसरं काय म्हणणार.

गाण्याला मात्र काकू यायच्या. फक्त गाताना त्या काकांचा हात झिडकारायच्या नाहीत, आणि काका त्यासाठीच यायचे. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ते पहिल्या गाण्याला हात पुढे करून ठेवायचे आणि शेवटचं गाणं संपलं तरी लगेच उठायचे नाहीत, हे मागे स्पीकरजवळ बसून मला दिसायचं.

आता काकांच्या गाण्याबद्दल. आवाज जाडा, खरखरीत, सुराच्या थोडा खाली. तेही चाललं असतं, तिथे कोण मोठं गवई लागून गेलं होतं? पण ते ताल सोडून आधी यायचे. आमचं सगळ्यांचं लाडकं गाणं म्हणजे नदीचं गाणं, त्या पिढीने शाळेत पाठ केलेलं. आत्या पेटीवर सुरुवात वाजवायची, सगळे श्वास घ्यायचे, आणि तेवढ्यात, कुणी तोंड उघडायच्या आत, मागच्या रांगेतून काकांचं एकट्याचं “नदी…” यायचं. पुढच्या ओळीला “पल्याड…”. त्याच्या पुढच्या ओळीला “उजाडलं…”. प्रत्येक ओळीला. पहिला शब्द ठोकून देऊन मग ते हळू व्हायचे. चार मायक्रॉनवरून साहेबाशी भांडणाऱ्या माणसाला ताल कळू नये, याची मला गंमत वाटायची. नंतर कंटाळा यायला लागला. मग राग.

गेल्या वर्षी मी ठरवलं, की आपण रेकॉर्डिंग करायचं. घरी अंघोळीच्या वेळी, जेवताना, माणसं बिथरतात तेव्हा लावायला प्रत्येक घराला एक फाईल द्यायची. हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण, आणि ते खोटं नव्हतं. पण मला ते आमच्या कंपनीतल्या साहेबांनाही ऐकवायचं होतं. आतापर्यंत मला त्यांनी वायरी ओढायलाच ठेवलं होतं. म्हाताऱ्या, विसराळू दहा-बारा माणसांचं गाणं साध्या हॉलमध्ये मी इतकं सुंदर पकडते, हे त्यांना कळायला हवं होतं.

चार कोपऱ्यांत चार माइक लावले. घरी येऊन संगणकावर पाहिलं, तर पडद्यावर काकांचा आवाज डोळ्यांनीसुद्धा ओळखू येत होता. सगळ्यांच्या आवाजांचे मोठे उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्याच्या आधी अर्धा सेकंद एक बुटका, एकटा ठोकळा. अठ्ठावीस ओळी, अठ्ठावीस ठोकळे. एकटे असल्यामुळे कापायला फार सोपे होते. मी अठ्ठावीसही कापले, आणि ओळी चालू असतील तिथे त्यांच्या कोपऱ्यातला माइक जवळजवळ शून्यावर आणला. दोन रात्री गेल्या. गाणं एकदम नितळ झालं. जागा हवी होती म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. आता त्याचं काय काम, असं वाटलं.

साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, स्वच्छ केलंयस. त्या एका शब्दावर मी आठवडाभर हवेत होते. आत्याने ऐकलं आणि म्हणाली, “सुंदर झालंय गं. हे आपलंच ना?” तेव्हाच मला काही कळायला हवं होतं.

मंगळवारी मी अकरा घरांना फाईल दिली. ज्यांना फोनवर जमणार नव्हतं त्यांना छोटे स्पीकर भरून दिले. काकांना सांगितलं, की हा पाण्याने बिघडत नाही, अंघोळीला बाथरूममध्येच ठेवा. काकूंची अंघोळ म्हणजे रोजची लढाई होती. परका मिस्त्री अंगावर पाणी घालायला येतो, तर कोण घालू देईल? काकांनी स्पीकर दोन्ही हातांनी घेतला. म्हणाले, “इंजिनिअर, फार मोठं काम केलंस.”

पुढच्या मंगळवारी ते आले, काकूंना बसवलं, हात पुढे केला, आणि गायले नाहीत. ओठ हलवत होते. पहिल्यांदा मला हायसं वाटलं, हेही लिहायला हवं.

पण नदीच्या गाण्याची सुरुवात वाजली, आणि फक्त आत्या गायली. बाकीचे एक ओळ होऊन गेल्यावर आले, तेही फक्त सांभाळणारे. काकू पेटीकडे बघत राहिल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, “लाईन लागत नाहीये.” त्यांनी काकांच्या हातातून हात काढून घेतला आणि पर्स उघडून आत काहीतरी शोधायला लागल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच. टॅक्सीवाल्याची आई मध्येच उठून दाराकडे गेली. बँकेतल्या आजी, म्हणजे पूर्वी बँकेत कॅशियर असलेल्या, रडायला लागल्या. आत्या जिना उतरताना म्हणाली, की माझाच हात मंदावलाय बहुतेक, पेटी ओढून वाजवतेय मी. दोन-चार आठवडे बघू, नाहीतर बंद करू. उगाच या माणसांना जिने चढायला लावायचे कशाला?

त्याच दिवशी खाली चपलांपाशी काकांनी मला गाठलं. म्हणाले, रेकॉर्डिंग ऐकलं. फिनिशिंग उत्तम आहे. मग जरा थांबून, “माझा आवाज नाहीये त्यात.”

मी म्हणाले, “हो का? तुमच्या बाजूचा माइक बंद राहिला असेल काका. त्या दिवशी वायरची कटकट होतीच.”

त्यांनी मान तिरकी केली. “माझ्या बाजूच्या माइकपाशी टॅक्सीवाला खोकला होता. दुसऱ्या कडव्यानंतर. खोकला आलाय.”

काका माझ्याकडे बघत नव्हते. खाली वाकून काकूंच्या सँडलचा पट्टा लावत होते. तसेच वाकलेले असताना म्हणाले, “बरोबर केलंस. मापात बसत नाही तो जॉब बाजूलाच ठेवायचा असतो. मीही आयुष्यभर तेच केलं. एवढी वर्षं कुणी बोललं नाही म्हणून मला कळलं नाही, एवढंच.”

ते रागावले असते तर मी भांडले असते. त्यांनी माझी बाजू घेतली आणि मला पळून जावंसं वाटलं. मी खोटं बोलले होते आणि तेही एका खोकल्यामुळे पकडलं गेलं होतं. तरी मी तेव्हा माफी मागितली नाही. वर वायरी गुंडाळायच्या आहेत, असं म्हणून जिना चढून गेले.

पुढच्या मंगळवारी ते आलेच नाहीत. आत्याने मला बुधवारी सकाळी त्यांच्याकडे पाठवलं. मी टाळायला बघत होते, पण आत्याला कारण काय सांगणार?

दार उघडंच होतं. दारावर आतल्या बाजूने पट्टी: बाहेर जाऊ नये. आत माझं रेकॉर्डिंग लागलं होतं, बाथरूममधून, टाइल्समुळे आणखीच नितळ. काका बाथरूमच्या दाराशी कोपरापर्यंत ओले उभे होते. मला बघून ओशाळले. बस, म्हणाले, पाणी निवतंय, एवढं होऊ दे. आत काकू स्टुलावर बसलेल्या असाव्यात. मला फक्त त्यांचा आवाज येत होता. “लाईन लागत नाही मिस्त्री. तुम्ही जा. आमचे हे येतील आता.” गाणं एकदा संपलं, दुसऱ्यांदा लागलं. पाण्याचा तांब्या पडल्याचा आवाज झाला.

मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी तिथे आहे, ऐकतेय, याचा अंदाज घेतला. आणि स्पीकर बंद केला.

त्यांनी दार अर्धं लोटलं आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, “नदी…” आणि थांबले.

काकूंनी पुढे ओळ घेतली. सबंध ओळ. सुरात.

“पल्याड…” काका म्हणाले आणि थांबले. काकूंनी ती ओळ घेतली. पाणी ओतल्याचा आवाज आला. “उजाडलं…”

मी बाहेर खुर्चीवर बसून ओळी मोजत होते. अठ्ठावीस. ते ताल चुकत नव्हते. काकूंना ओळ पाठ होती, पण ती सुरू कुठून करायची हे सापडत नव्हतं, आणि काका तेवढंच त्यांच्या हातात देत होते, ओळ यायच्या अर्धा सेकंद आधी. घाई झाली तर त्यांना पकडता येणार नाही आणि उशीर झाला तर गाणं पुढे निघून जाईल. एवढं अचूक माप मी माझ्या कंपनीत कुणाचं पाहिलेलं नाही. आणि मी ते सगळे शब्द एकेक करून कापून, उरलेलं त्यांना घरी वापरायला दिलं होतं.

शेवटच्या कडव्यानंतर आतून काकू म्हणाल्या, “आवाज काही बरा नाही तुमचा. पण लाईन लागते.”

“हो बाई,” काका म्हणाले.

काकूंना कोरडं करून, केस विंचरून त्यांनी खिडकीत बसवलं आणि चहा टाकला. मी तेव्हा सांगितलं. माइक बंद नव्हता, मी कापलं, साहेबांना ऐकवायचं होतं म्हणून कापलं, आणि मूळ पुसून टाकलं. सगळं सांगितलं. काका साखरेच्या पट्टीखालचा डबा काढत होते. दोन चमचे साखर मोजून टाकली, चमचा जागेवर ठेवला. मला वाटलं, उजव्या बाजूला उभी आहे म्हणून ऐकू गेलं नाही, आणि सगळं पुन्हा सांगावं लागणार.

“एकदा आमच्या वर्कशॉपचा कार्यक्रम होता,” ते म्हणाले. “लग्नाला वर्ष झालं असेल. हिला गायला सांगितलं होतं. चार दिवस तयारी केली हिने. माझ्या डोक्यात आलं, आपली पोरं शिट्ट्या मारतील, मग रोज मशीनवर मला ऐकवतील. मी परस्पर जाऊन सांगितलं, हिचा घसा बसलाय. हिला सांगितलं, वेळ कमी पडला त्यांना, तुझं नाव काढलं.” त्यांनी गाळणी धुतली, जी धुतलेलीच होती. “हिला कळलं नंतर. काही बोलली नाही. घरात गायची बंद झाली, ती या आजारातच परत गायला लागली. पोरं शिट्ट्या मारणारी नव्हती गं. मीच तसा होतो.”

खिडकीतून काकूंनी विचारलं, मिस्त्रींचा चहा झाला का, त्यांना उशीर होत असेल.

मी काकांना म्हणाले, पुढच्या मंगळवारी या आणि पहिल्यासारखं गा. ते म्हणाले, आता जमणार नाही. लोकांना त्रास होतो हे माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. घरात गाईन. मी कितीही सांगितलं तरी त्यांची मान हलली नाही. चहा मात्र उत्तम होता. मला तो संपवेना.

घरी येऊन मी आत्याच्या फोनमधला एक जुना व्हिडिओ काढला, तिने कधीतरी सहज घेतलेला, हलता, अर्ध्या वेळ छताचा. तो थांबवत थांबवत पाहिला. काकांचं “नदी…” येतं आणि त्यानंतर बँकेतल्या आजींचं तोंड उघडतं. टॅक्सीवाल्याच्या आईचं. पुढच्या रांगेतल्या दोघांचं. त्यानंतर पेटीवरची ओळ, आणि मग बाकीचे. फक्त काकूंनाच नाही, निम्म्या हॉलला ते ओळ देत होते. आत्याला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. काकांनाही माहीत नव्हतं. ते आपले काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

त्या रात्रीच मी तो व्हिडिओ काकांना पाठवला. कुठे थांबवून बघायचं ते लिहिलं. आणि खाली माफी. फोनवर माफी मागणं सोपं असतं, म्हणून आणखी लाज वाटली.

मंगळवारी ते आले. मागच्या रांगेत बसले. आत्या पेटी उघडायच्या आत मी पुढे गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की गाणं बिघडलंय ते आत्यामुळे नाही, मी काय केलं होतं त्यामुळे. ज्यांना समजलं ते मागे काकांकडे वळून बघत होते. ज्यांना नाही समजलं ते चांगलं हसून माझ्याकडे बघत होते, आणि ते जास्त लागलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पेटी उघडून खुंट्या ओढत बसली. घरी गेल्यावर ती मला काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, पण ते बरोबर होतं.

शेवटी टॅक्सीवाल्याने विचारलं, “काकांचा आवाज काढलास, मग माझा खोकला कशाला ठेवलास?” दोन-तीन जण हसले.

काका स्वतःच्या पायांकडे बघत होते. कानशिलं लाल झाली होती. “झालं का?” ते म्हणाले. “मग सुरू करा. बाराला हॉल सोडायचाय.”

आत्याने सुरुवात वाजवली. सगळ्यांनी श्वास घेतला. काही आलं नाही. आत्याने सुरुवात पुन्हा वाजवली; वीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, तिला थांबता येतं. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मिस्त्रीच्या शर्टाची बाही ओढली, दिवा का लागत नाही हे विचारायला ओढावी तशी. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं.

“नदी…”

जाडा, खरखरीत, थोडा खाली. आणि अर्ध्या सेकंदाने हॉल.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा रेकॉर्ड केलं, एकच माइक, मागच्या रांगेत, काकांसमोर. एकही ठिकाण कापलं नाही. साहेबांना ऐकवलं नाही. अकरा घरांतून जुनी फाईल काढून नवी घालायला मी स्वतः गेले. दहा घरांत जमलं. बँकेतल्या आजींना मधल्या काळात त्यांच्या मुलाने दुसऱ्या गावी नेलं होतं. मी त्याला नवी फाईल पाठवली, दोनदा लिहिलं, एकदा फोन केला. तो घाईत होता. म्हणाला, आहे ना आमच्याकडे, ती आधीची फार छान आहे, एकदम स्वच्छ. रोज लावतो. आई गात नाही हल्ली, पण ऐकते शांतपणे.

मी त्याला समजावून सांगायला लागले, आणि फोन कट झाला.